रुक्माकाकूंचा खुळखुळा

खोली बघायला गेले तेव्हा रुक्माकाकूंनी मला भाडं सांगितलं नाही, नळ किती वाजता येतो तेही सांगितलं नाही. त्या ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मी "शाळेत नवीन रुजू झालेय, खोली हवी होती" एवढं म्हणाले. त्यांनी उजवा हात माझ्या नाकासमोर धरला आणि मनगट हलवलं. छुनछुन आवाज झाला.

"सांगा मॅडम, कसं दिसते?"

हातात सोनेरी साखळीचं ब्रेसलेट होतं आणि त्याला चिमुकल्या वस्तू लोंबत होत्या. दोन लाल चेरी, एक मांजर, एक छत्री, कुलूप, विमान, आइस्क्रीमचा कोन आणि एक गुलाबी बूट. कॉलेजच्या मुली घालायच्या तसलं. ते ज्या हातात होतं तो हात पन्नाशी ओलांडलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या, नखात माती असलेल्या बाईचा होता.

"छान आहे की," मी म्हणाले.

"खोटं. खोली पायजे म्हणून छान म्हणता. खरं सांगा."

"जरा भडक आहे."

"जरा?"

"बरंच भडक आहे."

काकू खुदकन हसल्या. "आता कसं! उद्या सामान घेऊन या. तोंडावर गोड बोलणारं अन् मांगून नाक मुरडणारं माणूस मले घरात नाही पायजे. तसं एक हाय आधीच."

भिंतीपलीकडून कुणीतरी जोरात खाकरलं. ते 'एक' कुठे राहतं, हे मला तिथल्या तिथे कळलं.

शेलूबाजारच्या हमरस्त्यापासून थोडं आत, दोन भावांनी मधे भिंत घालून वाटून घेतलेलं ते घर होतं. एका बाजूला रुक्माकाकू, दुसऱ्या बाजूला त्यांचे थोरले दीर आणि जाऊ मथुराबाई. काकूंचे यजमान मी येण्याच्या काही वर्षं आधी शेतातच छातीत कळ येऊन गेले होते. मुलगी वैशाली पुण्यात एका कंपनीत नोकरीला होती. काकूंच्या वाट्याला विहिरीजवळचा तुकडा आला होता. त्यात त्या मेथी, वांगी, भेंडी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायच्या आणि आठवडी बाजारात दुकान मांडून बसायच्या. बाकीच्या दिवशी जीप थांबतात त्या फाट्यावर. हे सगळं त्या ब्रेसलेट घालूनच करायच्या. भेंडी तोडताना तेवढं ते वर सरकवून रबर लावायच्या, कारण झाडाची लव लागली की मांजराचे डोळे पुसावे लागत.

ते ब्रेसलेट त्यांच्याकडे कसं आलं, हे त्यांनी मला एका रविवारी सांगितलं. त्या सांगताना रडल्या नाहीत आणि मीही रडावं असा त्यांचा आग्रह नव्हता.

"वैशूचा बाप गेला तवा बायांनी हात धरून बांगड्या फोडल्या. मी काही बोलली नाही. तवा कोणाले काय सुचते? मंग एक दिवस अशीच जुडी बांधून राह्यली होती, अन् हाताकडे ध्यान गेलं. मले वाटलं, हा हात कोणाचा व? माहा तर नाही."

त्यानंतर त्या बियाणं आणायला कारंज्याला गेल्या होत्या. परतीची एसटी यायला उशीर होता. स्टँडबाहेर कटलरीची गाडी होती आणि पोरींची झुंबड लागली होती. साखळी वेगळी घ्यायची, लटकनं वेगळी निवडायची, आणि गाडीवाला ती पकडीनं साखळीत ओवून द्यायचा.

"मी पाहत राह्यली. थो एकेका पोरीले इचारे, तुला कोणतं हवं? हे का ते? मॅडम, माह्या जिंदगीत असं मले कोणीच इचारलं नव्हतं. साडी सासू आणे. बांगड्या कासार भरे, हिरव्या म्हणजे हिरव्या. मी पुढं झाली. थो म्हणते, काकी, लडकी के लिए ले रहे क्या? मी म्हटलं, नाही बाप्पा, माह्यासाठी."

"मग काय म्हणाला?"

"काय म्हणन? जरासा पाहत राह्यला. मंग म्हणे, कौनसा लगाऊं? माही एसटी निंघून गेली, पण मी एकेक पाहून घेतलं."

त्या कारंज्याहून आल्या त्या संध्याकाळीच भिंतीपलीकडून मथुराबाई भांडायला आल्या होत्या. मी त्या भांडणाला नव्हते, पण त्याचे पुढचे कितीतरी भाग मी माझ्या खोलीतून ऐकले. मथुराबाई वाईट नव्हत्या. मला ताप आला तेव्हा भाकरी आणि मुगाचं वरण त्यांनीच आणून दिलं होतं. पण घराण्याची अब्रू कुठे सांडतेय यावर त्यांचं कायम लक्ष असे. त्या ब्रेसलेटला त्यांनी नाव दिलं होतं खुळखुळा, त्यांच्या तोंडी खुयखुया. पुढे सगळा बाजार तेच म्हणू लागला. काकूसुद्धा.

"रांडमुंड बाईनं हातात खुयखुया घालाव का?" मथुराबाई एका सकाळी अंगणात म्हणाल्या. "माणूस गेल्यावर बांगडी नाही घालत, हे का मी सांगाव तुले?"

"बांगडी गोल असते अन् काचेची असते. ही साखळी हाय. तुमच्या रीतीत साखळीचं नाव कुठी हाय, दाखवा मले."

"लोक काय म्हणतीन?"

"लोकायनं एक दिवस माह्या वावरात येऊन निंदण कराव, मंग काय म्हणाचं ते म्हणाव."

तेवढ्यात थोरले दीर ओसरीवरून बोलले. ते कमी बोलत, आणि बोलले की विषय संपला असं समजायची त्या घराची सवय होती. "ह्या घराण्यात बायांनी असले चाळे कधी केले नाहीत."

काकूंनी पदर डोक्यावर नीट घेतला. मान खाली घातली, दिराचा मान राखायचा तेवढा राखला, आणि खाली मान घालूनच म्हणाल्या, "मंग आता करतीन, दादा."

बचत गटातल्या बायांना काकूंची बाजू घ्यायची होती, पण त्यांना तोंड वर करून घेता येईल असं काहीतरी कारण हवं होतं. एकीनं सुचवलं, त्यात एक छोटा गणपती अडकवून टाका, म्हणजे कुणी काही बोलणार नाही. "गणपतीले कायले मधात आणता?" काकू म्हणाल्या. "थ्याले तेवढंच काम हाय का, माहा खुयखुया सांभाळाचं?" दुसरी म्हणाली, यजमानांनी कधीतरी आणून दिलं होतं असं सांगा. काकूंनी तिला तिथंच थांबवलं. "थ्यानं मले उभ्या जन्मात पाटीवरचा गजरा नाही आणला. आता मेल्यावर थ्याले खोटं श्रेय कायले देऊ?"

आमच्या शाळेत महिला दिनाला गावातल्या कष्टकरी बायांचा सत्कार करायचं ठरलं तेव्हा मी काकूंचं नाव सुचवलं. त्या आल्या, नारळ आणि शाल घेतली, खुर्चीवर बसल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या आमच्या सरांचं लक्ष त्यांच्या मनगटाकडे गेलं. सर भाविक मनाचे होते आणि माइक हातात आला की त्यांचा आवाज ओला होई.

"बालमित्रांनो, या माउलीच्या हातातलं हे कंकण पाहा. यातल्या प्रत्येक छोट्या वस्तूमागे एक आठवण दडलेली असेल. दिवंगत पतीची, कष्टाच्या दिवसांची. काकू, सांगाल का मुलांना?" असं म्हणून त्यांनी माइक काकूंच्या तोंडाजवळ धरला.

"कोणती आठवण?" काकू म्हणाल्या. माइकमधून तो आवाज सबंध पटांगणात घुमला.

"म्हणजे, हे मांजर. लहानपणी तुमच्याकडे मांजर असेल..."

"मले मांजर आवडत नाही. दूध सांडते. पण हे चमकत होतं."

पोरं हसली. सर घाईघाईनं पुढच्या लटकनाकडे वळले. "आणि हे विमान? आकाशात झेप घेण्याचं स्वप्न..."

"मले एसटीत बी मळमळते, सर. विमानात कायले बसू?"

"मग घालता कशासाठी?" सरांच्या तोंडून गेलंच.

"आवडते म्हणून." त्यांना राग आला होता, तो मला त्यांच्या नाकपुड्यांवरून कळला. "तुमच्या हातात घड्याळ हाय, सर. मोठं हाय, चांगलं हाय. तुमाले कोणी इचारते का, हे कोणाच्या आठवणीत घातलं म्हणून? बाईनं आधी दुःखाचं सर्टिफिकेट दाखवाव, मंग तिले काही आवडाव, असं हाय का?"

मागे बसलेल्या दहावीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापिका बाईंनी लगोलग आभार मानायला सांगितलं. घरी येताना काकूंनी शाल उलटसुलट करून पाहिली. फाटकापाशी आल्यावर म्हणाल्या, "शाल चांगली हाय. पण रंग मेला हाय."

गंमत अशी की टाळ्या वाजवणाऱ्या त्याच मुली दुसऱ्या दिवशी मला वर्गात म्हणाल्या, "मॅडम, काकूंना सांगा ना, तसलं आता कुणी घालत नाही. आउटडेटेड झालं ते." म्हणजे म्हाताऱ्यांच्या मते ते घालणं शोभत नव्हतं आणि पोरींच्या मते ते दिसायला शोभत नव्हतं. दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत होतं, की काकूंनी ते काढावं. मीही मनातून पोरींच्या बाजूची होते. तोवर सोनेरी मुलामा उडाला होता, खालचा तपकिरी पत्रा दिसू लागला होता, मनगटावर हिरवट डाग पडत. काकू त्याला आतून नेलपॉलिशचा हात देत आणि पुन्हा घालत. मला ते तेव्हाही आवडलं नाही आणि आजही आवडत नाही. काकूंना हे माहीत होतं. त्यामुळे आमचं काही बिघडलं नाही.

वैशालीचं मात्र बिघडत होतं. ती हुशार, नीटनेटकी, मनानं प्रेमळ मुलगी होती. दिवाळीला आली ती आईसाठी चांदीचं अगदी बारीक ब्रेसलेट घेऊन आली, मखमलीच्या डबीत. काकूंनी ते घातलं, हात उजेडात धरला, डोळे बारीक केले.

"चांगलं हाय. पण दिसत नाही व."

"आई, नाजूक आहे म्हणून तर क्लासी दिसतं. ते तुझं किती चीप वाटतं, तुला कळत कसं नाही?"

"कळते. पण मले हातात असलेलं दिसलं पायजे. वाजलं पायजे. वावरात मी एकटीच असतो, तेवढंच कोणी बोलल्यासारखं वाटते." त्यांनी चांदीचं काढून डबीत परत ठेवलं, प्रेमानं. वैशालीचा चेहरा पडला.

पुढच्या वर्षी वैशालीनं लग्न ठरवलं. मुलगा तिच्याच कंपनीतला, घरचे अकोल्याचे, शिकलेले. साखरपुडा गावीच करायचा होता. आदल्या दुपारी अंगणात बैठक बसली तेव्हा थोरल्या दिरांनी सांगून टाकलं की जावयाचं औक्षण मथुराबाई करतील. काकूंनी मागे बसायचं. यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. मथुराबाई तर ताटात काय काय लागेल ते मोजू लागल्या होत्या.

वैशाली उठून उभी राहिली. "औक्षण आई करेल. आई करणार नसेल तर त्यांना फोन करून सांगते, येऊ नका म्हणून."

पुण्यातल्या नोकरीचा तो आवाज होता. दीर बराच वेळ सुपारी कातरत राहिले आणि शेवटी "करा तुमच्या मनानं" म्हणून उठून गेले. मला वैशालीचा फार अभिमान वाटला. काकूंचे डोळे भरून आले होते. त्या स्वयंपाकघरात गेल्या, त्यांच्यामागे वैशाली गेली, आणि चहाचे कप घेऊन मीही गेले.

"आई," वैशाली हळू आवाजात म्हणाली, "उद्या फक्त ते ब्रेसलेट काढून ठेव हं."

काकूंनी डोळे पुसले. चुलीवरचं भांडं उतरवलं. मग वळून म्हणाल्या, "तुले औक्षण माह्याच हातानं पायजे, पण हात तुह्या पसंतीचा पायजे?"

"आई, त्या लोकांमध्ये किती विचित्र दिसेल ते! मी तुझ्यासाठी एवढी भांडले. तुला माझ्यासाठी एक दिवस जमत नाही?"

"एक दिवस तुह्या काकाले पायजे. एक दिवस पलीकडच्या मोठ्या बाईले पायजे. आता एक दिवस तुले पायजे. मंग माह्याजवळ किती राहते व?"

वैशाली रडायला लागली. तिचं चूक नव्हतं. तिला दुसऱ्या दिवशी कुणी आपल्या आईला हसायला नको होतं. ती उशी उचलून मथुराबाईंकडे झोपायला गेली. मी काकूंना म्हणाले, "एवढ्यासाठी पोरीला कशाला दुखवता? काढून ठेवा ना उद्याचा दिवस."

"तुमाले बी तेच वाटते?"

"हो."

"वाटू द्या. चहा घ्या, थंडा होऊन राह्यला."

एवढं बोलून त्या लिंबू आणि राख घेऊन खुळखुळा घासायला बसल्या. तोपर्यंत मला वाटत होतं की या बाईला हट्ट सोपा जातो. सोपा जात नव्हता. त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावरच्या मंगल कार्यालयात माणसं जमली. मुलाची आई निवृत्त प्राध्यापिका, पैठणी नेसलेली, मोत्यांचा एकच सर घातलेली. काकू जांभळ्या साडीत, हातात तबक. त्यांनी जावयाला ओवाळायला सुरुवात केली आणि तबकाच्या प्रत्येक फेऱ्याला खुळखुळा वाजू लागला. गुरुजी मंत्र म्हणत होते, तरी तो ऐकू येत होता. जावई खाली बघून हसला. चांगल्या मनानंच हसला असावा. मुलाच्या आईनं वैशालीकडे झुकून विचारलं, आवाज हळू होता पण आसपासच्या सगळ्यांना ऐकू गेला, "आईंच्या हातात ते काय आहे गं? गमतीशीर दिसतंय."

वैशाली लाल झाली. मी तिच्या मागेच उभी होते. ती आता काहीतरी सावरून घेईल, आजीची आठवण आहे किंवा नवस आहे असं सांगेल, अशी माझी खात्री होती. मथुराबाई तर तोंड उघडून तयारच होत्या.

"आईचं ब्रेसलेट आहे," वैशाली म्हणाली. "मला अजिबात आवडत नाही. तिला आवडतं."

"अच्छा," मुलाच्या आई म्हणाल्या, आणि पैठणीचा पदर नीट करू लागल्या. तेवढंच झालं. साखरपुडा पार पडला, पुढे लग्नही पार पडलं. विहीणबाईंना खुळखुळा कधी आवडला असं मी ऐकलं नाही. पण पुन्हा कुणी विचारलंही नाही.

त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर काकू पायरीवर बसून एकदम हसायला लागल्या. "अजिबात आवडत नाही म्हणे! बेधडक सांगितलं सासूसमोर. माह्यावर गेली पोट्टी." वैशालीनं आत ते ऐकलं. बाहेर येऊन आईच्या शेजारी बसली. त्या रात्री उशी परत या घरात आली.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात थोरले दीर गेले. बरेच दिवस आजारी होते, सकाळी चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेले. मी पोचले तेव्हा अंगणात पुरुषांची गर्दी होती आणि आतल्या खोलीत बाया. मथुराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या, फक्त बघत होत्या. भावकीतली एक म्हातारी आत आली, तिच्या हातात दगड होता. दोघीजणी मथुराबाईंचे हात धरायला पुढे सरकल्या. दोन्ही हातात कोपराकडे चढत गेलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. त्यांनी आयुष्यभर दुसरा रंग भरला नव्हता.

रुक्माकाकू कोपऱ्यात होत्या. त्या उठल्या आणि मधे येऊन बसल्या. जावेचे दोन्ही हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतले आणि वरून पदर टाकला.

"थांबा."

"काय व, रुक्मा?" म्हातारी म्हणाली.

"हिले इचारलं का?"

"इचाराचं काय त्यात? रीत हाय."

"मले बी नव्हतं इचारलं कोणी. म्हणून म्हणतो, हिले इचारा."

दारातून भावकीतले एक गृहस्थ ओरडले, "रुक्माबाई, ही वेळ हाय का?"

"हीच वेळ हाय," काकू म्हणाल्या. त्यांनी मान खाली घातली नाही. "फुटल्यावर इचारून काय फायदा?"

मग त्या जावेकडे वळल्या. त्यांचा आवाज मी तितका मऊ कधी ऐकला नव्हता. "मोठ्या बाई, माह्याकडे पाहा. तुमाले काढाच्या हायत का? तुमी हो म्हणसान तर मी माह्या हातानं एकेक उतरवतो. नाही म्हणसान तर ह्या हातायले कोणी हात लावणार नाही. तुमच्या मनात काय हाय ते बोला. माह्यासाठी नाही, लोकायसाठी नाही."

बाहेरून "आटपा, आटपा" चाललं होतं. मथुराबाईंनी म्हातारीच्या हातातल्या दगडाकडे पाहिलं.

"फोडू नका."

म्हातारीनं दगड खाली ठेवला. मथुराबाईंनी पदराखालून हात काढून घेतले आणि स्वतःच बांगड्या उतरवायला लागल्या. हात सुजले होते, बांगडी निघता निघत नव्हती. काकूंनी तेलाची वाटी मागवली आणि नुसती धरून बसल्या, मदत केली नाही. एकेक बांगडी सतरंजीवर येत गेली. शेवटी दोन्ही हातात एकेक उरली तेव्हा मथुराबाई थांबल्या.

"ह्या राहू द्या," त्या म्हणाल्या.

आणि मग त्या रडल्या. तोवर अडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. काकूंनी त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि दाराकडे बघून पुरुषांना म्हणाल्या, "न्या आता."

भावकीत यावर पुष्कळ बोललं गेलं. काही घरांनी तेराव्याचं जेवण टाळलं. रुक्मानं स्वतः नियम मोडला तो मोडला, मोठीलाही नादी लावलं, असं फाट्यावर लोक म्हणत. काकूंनी कुणाला उत्तर दिलं नाही. मथुराबाईंनी एकदाच दिलं. वांगी घ्यायला आलेल्या एका बाईनं त्यांच्या हाताकडे टक लावली तेव्हा त्या म्हणाल्या, "वांगे तिकडे हायत, बाई. हातात नाहीत." आता त्याही काकूंबरोबर बाजाराला बसत होत्या. दिवसभर घरात एकटीनं काय करायचं, म्हणून काकूंनीच त्यांना ओढत आणलं होतं.

माझी बदली अनसिंगला झाली. जाण्याआधीच्या शेवटच्या आठवडी बाजाराला मी त्यांचा निरोप घ्यायला गेले. बाजार भरात होता. दोघींचं दुकान जागेवर होतं, मेथी, सांबार, भेंडीचे ढीग नीट लावलेले, पण दोघी दुकानात नव्हत्या. त्या शेजारच्या कटलरीच्या दुकानासमोर उभ्या होत्या आणि तावातावानं भांडत होत्या. एवढं सगळं होऊन पुन्हा तेच सुरू झालं की काय?

मी जवळ गेले. मथुराबाईंच्या हातात एक साधं, जाडसर पांढऱ्या धातूचं कडं होतं. काकूंच्या बोटाला साखळीत ओवलेलं, चमचम करणारं एक भलंमोठं फुलपाखरू लोंबत होतं.

"हे घालू मी?" मथुराबाई म्हणत होत्या. "हे भंगार? मी काय दहावीतली पोट्टी हाय? तुह्या डोयाले काही दिसते का नाही व?"

"मले सारं दिसते! तुमचं ते कडं पाहा. म्हशीले बांधाच्या साखळीतलं काढल्यासारखं दिसते. एवढे दिवस हिरव्या काचेशिवाय काही पाह्यलं नाही, अन् आता घेऊन राह्यल्या तर हे?"

"भारी हाय, मजबूत हाय. तुह्या खुयखुयासारखं दोन महिन्यात कायंकुट्ट नाही पडणार."

"पडू द्या कायं! पडेपर्यंत तर शोभते."

"शोभते! कोणाले शोभते?"

मी त्या भिंतीच्या अलीकडे राहून या दोघींची कितीतरी भांडणं ऐकली होती. बाईनं घालावं का, कुणी घालावं, कुणाला विचारून घालावं, लोक काय म्हणतील, घराणं काय म्हणेल. आज त्यातलं एकही अक्षर नव्हतं. चांगलं काय दिसतं आणि वाईट काय दिसतं, एवढंच भांडण होतं. दुकानदार दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. तिकडे त्यांच्या दुकानापाशी पिशवी घेऊन एक गिऱ्हाईक कधीचं "ओ बाई, भेंडी कशी दिली?" म्हणून ओरडत होतं.

"थांब जरा!" दोघी एकदमच त्याच्यावर खेकसल्या, आणि पुन्हा कड्याकडे आणि फुलपाखराकडे वळल्या.